अननसाचे नत्र आणि लोह: सातारा-सांगलीच्या जमिनींसाठी खतनिवडीची सविस्तर पद्धत

उसाच्या शेंड्याची पाने पिवळी-पांढरी पडली की आपल्याकडे ‘केवडा पडला’ असे म्हणतात आणि कृषी सेवा केंद्रातून हिराकस (फेरस सल्फेट) आणून फवारतात. अननसाच्या पोंग्यातली, म्हणजे झाडाच्या मधोमध असलेल्या शेंड्यातली, कोवळी पाने तशीच पिवळी निघू लागली की बहुतेक शेतकरी तोच उपाय करतात. फवारणीनंतर पंधरा दिवस हिरवेपणा दिसतो आणि मग पुढचे पान पुन्हा पिवळे येते, कारण मूळ अडचण तशीच राहिलेली असते. आपल्या बेसाल्टी मातीत लोहाचा तुटवडा नाही. ते अडकलेले असते. ते मुळांना मिळेल की नाही, हे जमिनीच्या सामूवर (आम्ल-अल्कतेच्या आकड्यावर, म्हणजे पीएचवर) आणि आपण नत्र कोणत्या रूपात देतो यावर ठरते. म्हणून अननसाच्या खताचे नियोजन करताना आधी जमीन, मग पाणी, मग नत्राचा स्रोत आणि सर्वांत शेवटी लोह हा क्रम मी धरतो, आणि हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

मुळांजवळ नेमके काय घडते

जमिनीतील लोह बहुतांशी फेरिक स्वरूपात, म्हणजे गंजासारख्या न विरघळणाऱ्या रूपात असते. सामू एका अंकाने वाढला की या लोहाची विद्राव्यता सुमारे हजार पटीने घटते. त्यामुळे ५.० सामूच्या तांबड्या जमिनीत जे पीक हिरवेगार असते, तेच ८.० सामूच्या काळ्या जमिनीत उपाशी राहते.

आता नत्राकडे पाहू. मूळ जेव्हा अमोनियम रूपातील नत्र घेते, तेव्हा त्या बदल्यात ते हायड्रोजन आयन बाहेर टाकते आणि मुळाभोवतीचा मातीचा पातळ थर आम्ल होतो. नायट्रेट रूपातील नत्र घेताना याच्या उलट घडते, म्हणजे मुळाभोवतीचा सामू वाढतो. शेताचा सरासरी सामू एकच असला, तरी मुळापासून एक-दोन मिलिमीटरच्या अंतरात खतानुसार तो लक्षणीय बदलू शकतो, आणि लोहाचे शोषण नेमके याच अंतरात होत असते.

येथे अननसाची एक विशेष अडचण लक्षात घेतली पाहिजे. ऊस, ज्वारी, मका ही गवतवर्गीय पिके मुळांतून अशी द्रव्ये सोडतात, की जी फेरिक लोहाला बांधून मुळापर्यंत आणतात. अननस एकदल असला तरी गवतवर्गीय नाही. त्याला मुळाच्या पृष्ठभागावर फेरिक लोहाचे फेरसमध्ये, म्हणजे विरघळणाऱ्या रूपात, रूपांतर करून मगच ते आत घ्यावे लागते. ही क्रिया आम्ल वातावरणात चांगली चालते आणि बायकार्बोनेटच्या (चुनखडीच्या जमिनीत व जड पाण्यात असणाऱ्या अल्कधर्मी क्षाराच्या) सान्निध्यात मंदावते. ज्या शेतात ऊस जेमतेम तग धरतो, तेथे अननसही धरेल हा अंदाज म्हणूनच चुकतो.

नायट्रेटचा आणखी एक भार आहे. नायट्रेट झाडात गेले, तरी ते लगेच प्रथिनात जात नाही. आधी त्याचे अमोनियममध्ये रूपांतर करावे लागते. हे काम करणाऱ्या दोन्ही विकरांमध्ये (एन्झाइममध्ये), म्हणजे नायट्रेट रिडक्टेज आणि नायट्राइट रिडक्टेज यांत, लोह हा घटक आहे. म्हणजे नायट्रेट दिल्याने मुळाशी लोह मिळणे अवघड होते आणि त्याच वेळी झाडाच्या आत लोहाची गरज वाढते. अमोनियम थेट वापरता येते, आणि अननस हे अमोनियम चांगले पेलणारे पीक आहे.

या गोष्टीचा उलगडा हवाई बेटांवर झाला. तेथील मँगनीजयुक्त तांबड्या जमिनीत अननस पिवळा पडत असे. १९१६ मध्ये एम. ओ. जॉन्सन यांनी अशा पिवळ्या झाडांवर फेरस सल्फेटची फवारणी करावी, असे तेथील कृषी संशोधन केंद्राच्या पत्रकातून सांगितले. त्या मातीत लोह भरपूर होते, परंतु जादा मँगनीजमुळे ते झाडाला पुरत नव्हते. पुढे सी. पी. सायडेरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोषक द्रावणात वाढवलेल्या अननसावर अमोनियम आणि नायट्रेट यांची तुलना केली, आणि नत्राचे रूप व लोहाचा उपयोग हे दोन विषय वेगळे काढता येत नाहीत हे स्पष्ट होत गेले.

पहिले काम: जमीन ओळखणे

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना जमीन इतकी बदलते की दोन्हींसाठी एक शिफारस देणे चुकीचे ठरेल. पाटण, जावळी, कोयना खोऱ्याचा वरचा भाग आणि शिराळ्याचा चांदोलीकडील पट्टा येथे जोराच्या पावसाने धुतलेली, तांबडी, आम्लधर्मी जमीन आढळते. कृष्णा-वारणेच्या काठाने कराड, वाळवा, पलूस, मिरज येथे खोल काळी जमीन आहे आणि तिचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो. जादा पाण्याने काही शिवारे खारवट आणि चोपणही झाली आहेत. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत उथळ, मुरमाड, चुनखडीयुक्त माती आहे.

अननसाला ४.५ ते ५.५ सामू मानवतो आणि ६.० पर्यंत तो निभावतो. त्यामुळे शेत म्हणून लागवड करायची असेल तर पश्चिमेकडील तांबड्या उताराची जमीनच निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. महाबळेश्वरच्या माथ्यावर मात्र थंडी आडवी येते, कारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली अननसाची वाढ मंदावते. तेव्हा माथ्यापेक्षा खालच्या टप्प्याची, पाणी न साचणारी जागा बरी.

जमिनीची पहिली चाचणी घरीच करता येते. वाळलेल्या मातीचे ढेकूळ बशीत ठेवून त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकावेत. माती फेसाळली तर तिच्यात मुक्त चुनखडी आहे आणि त्या जागी अननसाच्या शेताचा विचार सोडून द्यावा. फेस आला नाही तर २० ते २५ सेंटिमीटर खोलीपर्यंतचे, शेताच्या आठ-दहा ठिकाणचे नमुने एकत्र करून प्रयोगशाळेत पाठवावेत आणि सामू, क्षारता, मुक्त चुनखडी, सेंद्रिय कर्ब व उपलब्ध लोह यांची मागणी करावी. उपलब्ध लोह ४.५ पीपीएमपेक्षा (दशलक्ष भागांत ४.५ भागांपेक्षा) कमी असल्यास आपल्याकडे ते कमतरता मानले जाते. सामू ६.० च्या खाली आणि लोह या मर्यादेच्या बरेच वर असेल, तर लोहाची चिंता सुरुवातीला करू नये.

चुनखडीच्या जमिनीत गंधक टाकून सामू उतरवता येईल का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. हिशोब करून पाहावा. एका गुंठ्यातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन ढोबळमानाने २० टन होते. तिच्यात ५ टक्के चुनखडी असेल तर ती एक टन झाली. १०० किलो चुनखडी निष्प्रभ करायला ३२ किलो गंधक लागते, म्हणजे एका गुंठ्याला ३२० किलो. इतके गंधक टाकूनही खालच्या थरातील चुनखडी तशीच राहते आणि ओलिताच्या पाण्यातून नवी येत राहते. हा खर्च कोणी करू नये.

काळ्या जमिनीच्या गावात परसबागेपुरता किंवा चाचणीपुरता अननस लावायचाच असेल, तर जमिनीवर ३० ते ४० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा किंवा मोठ्या ग्रो बॅग वापराव्यात. त्यात पश्चिमेकडील तांबडी माती, कोकोपीट आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. पाणी न साचणे हे लोहाइतकेच महत्त्वाचे आहे, कारण फायटोफ्थोरा बुरशीने होणारी पोंगासड साचलेल्या पाण्यात आणि जास्त सामूच्या मातीत बळावते.

दुसरे काम: पाणी

चांगली माती आणूनही वर्षभरात पाने पिवळी का पडतात, याचे उत्तर अनेकदा विहिरीत सापडते. ज्या विहिरीच्या पाण्याने हंड्याला आतून पांढरा थर धरतो, त्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असते. असे पाणी ठिबकने रोज मुळाशी गेले की अमोनियमने केलेली आम्लता ते रोज पुसून टाकते. द्राक्ष बागायतदार पाण्याचा अहवाल नियमित काढतात. अननस लावणाऱ्यानेही तो काढावा आणि त्यातील सामू, क्षारता व बायकार्बोनेट हे तीन आकडे पाहावेत. लहान क्षेत्राला पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत उत्तम. ते शक्य नसल्यास ठिबकच्या पाण्यात सौम्य आम्ल सोडून सामू ६.० च्या आसपास आणता येतो. हे काम अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली करावे, हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि आम्ल नेहमी पाण्यात ओतावे. पाणी आम्लात कधीही ओतू नये.

तिसरे काम: नत्राचा स्रोत ठरवणे

अमोनियम सल्फेटमध्ये सुमारे २०.६ टक्के नत्र असते, ते सर्व अमोनियम रूपात, आणि सोबत गंधकही मिळते. युरियात ४६ टक्के नत्र असते. ते जमिनीत आधी अमोनियम होते आणि नंतर नायट्रेट. कॅल्शियम नायट्रेटमध्ये १५.५ टक्के नत्र असून जवळपास सर्व नायट्रेट रूपात असते. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, यातील १३ टक्के नत्रही नायट्रेटच. प्रत्येक किलो नत्रामागे अमोनियम सल्फेट युरियाच्या सुमारे तिप्पट आम्लता निर्माण करते.

यावरून सरसकट अमोनियम सल्फेट घ्यावे असे कोणी म्हणेल, पण तसे नाही. सामू ५.५ ते ६.५ असेल तर अमोनियम सल्फेट हा पहिला पर्याय आहे. पाटणकडील जमिनीचा सामू आधीच ४.८ असेल तर वर्षानुवर्षे फक्त अमोनियम सल्फेट देऊन तो ४.५ च्या खाली नेऊ नये, कारण तेथे ॲल्युमिनियम आणि मँगनीज विरघळून मुळांना त्रास देऊ लागतात, आणि जादा मँगनीजमुळे पुन्हा लोहाचीच अडचण उभी राहते. अशा जमिनीत निम्मे नत्र युरियातून द्यावे. अमोनियम आयन पालाश (पोटॅश), मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या शोषणाशी स्पर्धा करतो, हेही ध्यानात ठेवावे. अमोनियम वाढवताना पालाश मागे पडू देऊ नये.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पिशवीवर अमोनियम लिहिलेले असले, तरी झाडाला अमोनियमच मिळेल याची खात्री नसते. उबदार, ओलसर आणि सामू ७ च्या पुढे असलेल्या जमिनीत जिवाणू काही आठवड्यांत अमोनियमचे नायट्रेट करून टाकतात. आम्ल जमिनीत ही क्रिया मंद असते, आणि अननसाला तेथे अमोनियम जास्त काळ मिळत राहते. त्याशिवाय चुनखडीच्या जमिनीवर अमोनियम सल्फेट नुसते विस्कटले तर अमोनिया वायू होऊन नत्र हवेत जाते. म्हणून हप्ते लहान ठेवावेत आणि खत चार-पाच सेंटिमीटर मातीआड करावे.

वाळवा तालुक्यात माझ्या मामांच्या मळ्यात द्राक्षाच्या बागेशेजारी आणलेल्या तांबड्या मातीच्या दोन वाफ्यांवर अननस होता. द्राक्षासाठी आणलेले कॅल्शियम नायट्रेट आणि १३:००:४५ त्याच ठिबकमधून त्यालाही जात होते. माती चांगली होती, तरीही पोंगे पिवळे निघत. आम्ही नायट्रेट पूर्ण थांबवले, अमोनियम सल्फेटचे लहान हप्ते सुरू केले आणि दोन-तीन वेळा लोह फवारले. नंतर निघालेली पाने हिरवी होती. आधीची पिवळी पाने मात्र पूर्णपणे सुधारली नाहीत. द्राक्षाचे खताचे वेळापत्रक अननसाला लावणे ही सांगलीच्या बाजूला सहज होणारी चूक आहे, आणि म्हणूनच ती येथे मुद्दाम नोंदवत आहे.

चौथे काम: मात्रा आणि हप्ते

भारतात अननसासाठी प्रत्येक झाडाला १२ ग्रॅम नत्र आणि १२ ग्रॅम पालाश ही शिफारस प्रचलित आहे. स्फुरद (फॉस्फरस) कमी असलेल्या जमिनीत ४ ग्रॅम स्फुरदही देतात. नत्र सहा हप्त्यांत द्यावे, पहिला लागवडीनंतर दोन महिन्यांनी आणि शेवटचा बाराव्या महिन्यात. पालाश निम्मा लागवडीच्या वेळी आणि निम्मा सहा महिन्यांनी द्यावा, आणि तो शक्यतो सल्फेट ऑफ पोटॅशमधून द्यावा.

१२ ग्रॅम नत्र म्हणजे सुमारे ५८ ग्रॅम अमोनियम सल्फेट किंवा २६ ग्रॅम युरिया. सहा हप्ते केले की प्रत्येक वेळी झाडाला जेमतेम १० ग्रॅम अमोनियम सल्फेट येते. हेक्टरी ५३,३०० झाडांच्या लागवडीत एका गुंठ्यात साधारण ५३० झाडे बसतात, म्हणजे गुंठ्याला एका हप्त्यात सुमारे सव्वापाच किलो. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब चांगला असेल तर यात थोडी कपात करावी.

खत कोठे टाकावे हे महत्त्वाचे आहे. अननसाच्या खालच्या पानांच्या बेचक्यात लहान मुळे असतात आणि पानांच्या बुडाचा पांढरा भागही अन्नद्रव्ये शोषतो. त्यामुळे दाणेदार खत बुंध्याजवळ किंवा सर्वांत खालच्या जुन्या पानांच्या बेचक्यात टाकता येते. पोंग्यात मात्र दाणा पडू देऊ नये. कोवळे पान करपते. कोयना खोऱ्यात जुलैच्या संततधारेत खत देणे म्हणजे ते ओढ्यात सोडणे होय, कारण धुतलेल्या तांबड्या मातीची अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची क्षमता कमी असते. तेथे मोठा पाऊस ओसरल्यावर, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये लागवड करावी आणि पुढच्या वर्षीचा पावसाळ्यातील हप्ता जूनच्या पहिल्या ओलीवर किंवा पावसाच्या उघडिपीत द्यावा.

पाचवे काम: पिवळेपणाचे निदान

सगळा पिवळेपणा लोहाचा नसतो. नत्र कमी पडले तर पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू होतो आणि पुढे सगळे झाड फिकट होते, पाने अरुंद राहतात. मॅग्नेशियम कमी असेल तर जुन्या पानाचा उन्हातला भाग पिवळा पडतो, आणि जेथे वरच्या पानाची सावली पडते तेवढा पट्टा हिरवा राहतो. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. लोहाची कमतरता कोवळ्या पानांत दिसते, आणि जुनी पाने हिरवी असतात. मुळे कुजली असतील तर मात्र हीच लक्षणे गोंधळात टाकतात, म्हणून फवारणीपूर्वी एक-दोन झाडे उपटून मुळे पाहावीत. तपकिरी, मऊ मुळे असलेल्या झाडाला आधी निचरा हवा.

खात्रीसाठी एक साधी चाचणी आहे. एक टक्का फेरस सल्फेटच्या ताज्या द्रावणात बोळा बुडवून पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर फिरवावा आणि खूण करून ठेवावी. आठ-दहा दिवसांत तेवढाच भाग हिरवा झाला तर निदान पक्के. पान परीक्षण करायचे असल्यास ‘डी’ पान घ्यावे. झाडाची सर्व पाने हातांनी वर गोळा केली की जी सर्वांत लांब भरतात, ती हीच. मात्र पानातील एकूण लोहाच्या आकड्यावर विसंबू नये. पिवळ्या पानातही एकूण लोह हिरव्या पानाइतके असू शकते, कारण त्यातील बराचसा भाग निष्क्रिय झालेला असतो; प्रयोगशाळेत सक्रिय लोहाची चाचणी होत असेल तर तीच मागावी.

सहावे काम: लोहाची फवारणी

१५ लिटरच्या पंपासाठी आधी पाण्यात १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवावे, मग ७५ ग्रॅम स्वच्छ हिरवट हिराकस घालावे. हा क्रम बदलू नये. आपले पाणी अल्कधर्मी असल्याने सायट्रिक ॲसिडशिवाय द्रावण थोड्याच वेळात तांबूस होते, आणि तांबूस झालेले लोह झाडाच्या कामाचे राहत नाही. त्याच कारणाने तपकिरी पडलेले जुने हिराकस घेऊ नये. या द्रावणात १५० ग्रॅम युरिया मिसळता येतो. फवारणीचा युरिया कमी बाययुरेटचा (युरिया बनवताना त्यात तयार होणारे अपायकारक द्रव्य) असावा. अननस या द्रव्याला संवेदनशील आहे आणि पानांची टोके पिवळी पडतात.

कॅल्शियम नायट्रेट किंवा १२:६१:०० सारखे स्फुरदयुक्त विद्राव्य खत या पंपात कधीही मिसळू नये. साका बसतो आणि दोन्ही खते वाया जातात. फवारणी सायंकाळी करावी, म्हणजे द्रावण पानांवर जास्त वेळ ओले राहते, आणि ती कोवळ्या पानांच्या बुडापर्यंत उतरेल अशी करावी. प्रथम पाच-दहा झाडांवर करून तीन दिवस थांबावे. करपा दिसला नाही तर सर्व क्षेत्रावर करावी, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी, नवे पान हिरवे निघेपर्यंत चालू ठेवावी.

जमिनीतून हिराकस देणे आम्ल जमिनीत अनावश्यक आणि चुनखडीच्या जमिनीत जवळपास निरुपयोगी आहे. चिलेट, म्हणजे सेंद्रिय रेणूत बांधलेले लोह, घ्यायचे तर त्याचा प्रकार पाहावा. ईडीटीए लोह सामू ६.५ च्या पुढे टिकत नाही. फवारणीसाठी ते चालते. जास्त सामूच्या मातीत टिकणारे म्हणजे ईडीडीएचए, त्यात ६ टक्के लोह असते आणि ते लालसर रंगाचे असते. ते जमिनीतूनच द्यावे लागते आणि महाग आहे. कुंड्यांसाठी ते परवडेल, एकरासाठी परवडणार नाही.

फुलधारणेच्या आधी आणि नंतर

झाडाला ३९ ते ४२ पाने झाली की फुलधारणेसाठी इथ्रेल वापरतात: २५ पीपीएम इथेफॉन (इथ्रेलमधील क्रियाशील घटक), २ टक्के युरिया आणि ०.०४ टक्के कॅल्शियम कार्बोनेट यांचे ५० मिलिलिटर द्रावण पोंग्यात ओततात. नत्राचा शेवटचा मोठा हप्ता आणि हे काम यांत किमान एक महिन्याचे अंतर ठेवावे, कारण नत्राने जोमात असलेले झाड फुलावर यायला कुरकुर करते. या द्रावणात हिराकस मिसळू नये. कॅल्शियम कार्बोनेटमुळे द्रावण अल्कधर्मी असते आणि लोह लगेच खाली बसते. लोहाची उणीव आधी भरून काढावी, कारण लोह कमी असलेल्या झाडाचे फळ लहान, कठीण आणि तांबूस राहते व त्याचा शेंडा फिकट येतो.

फळ वाढत असताना नायट्रेटयुक्त खते देऊ नयेत. फळात साठलेले नायट्रेट हवाबंद डब्यातील कथिलाचा लेप झिजवते, त्यामुळे माल प्रक्रियेसाठी जाणार असेल तर ही काळजी अधिकच घ्यावी.

खोडवा (त्याच झाडापासून पुढचे पीक) ठेवायचा असल्यास प्रत्येक झाडाला एकच जोमदार फुटवा राखावा आणि काढणीनंतर लगेच मुळाजवळच्या मातीचा सामू पुन्हा मोजावा. दीड-दोन वर्षांच्या अमोनियम सल्फेटने तो किती उतरला, किंवा विहिरीच्या पाण्याने किती चढला, हे त्या एका आकड्यावरून कळते, आणि खोडव्याचा पहिला हप्ता अमोनियम सल्फेटचा की युरियाचा हे तो आकडा पाहूनच ठरवावे.